ताटलीवरचे दोन ढग

१४ एप्रिल २०२४, रविवार

आलं ते – गहू वीस किलो, ७००. तूरडाळ दोन किलो, ३३०. गूळ एक किलो, ६०. उदबत्ती, २५. दूर्वा दोन जुड्या, १०. एक जुडी देवाला, एक भेरूला.

भेरूचा घोळणा काल परत फुटला. जिन्याखालच्या फरशीवर आधी तीन थेंब, मग एक मोठा. पायपुसणं धुतलं, डाग गेला नाही. माझ्या माहेरी उन्हाळ्यात कुणाच्या नाकातून रक्त आलं की दूर्वांचा रस दोन थेंब नाकात आणि डोक्यावर ओला पंचा. त्यालाही तेच केलं. कुत्रा झाला म्हणून काय, उष्णता ती उष्णताच. थांबलं.

नऊ वर्षांत कधी आजारी पडला नाही. भैरव अष्टमीला स्वानंदीनं भेरूबाबाच्या, म्हणजे भैरवाच्या, ओटल्यामागून उचलून आणला तेव्हा माझ्या ओंजळीत मावत होता. मी म्हटलं होतं, घरात कुत्रं नको, सोवळंओवळं कसं सांभाळायचं. आता देवघराच्या उंबऱ्यावर नाक ठेवून आरतीभर बसतो. उंबरा ओलांडत नाही. लांब नाक तेवढं आत.

२ मे, गुरुवार

परत रक्त. डाव्याच नाकपुडीतून. दूर्वा. थांबलं.

हे म्हणाले, "बेचाळीस डिग्री आहे. माणसाचं फुटतं, तो तर कोट घालून बसलेला." चौतीस वर्षं पोलोग्राउंडच्या कारखान्यात लेथवर उभे राहिले, उकाड्यातलं यांना कळतं असं मी धरून चालते.

१९ मे, रविवार

शिंका. एकामागून एक, अकरा मोजल्या. डाव्या डोळ्यातून पाणी.

स्वानंदी विजय नगरच्या ऑफिसात असते, सुट्टी एवढी एकच. त्यातही त्याला मांडीवर घेऊन बसली. म्हणाली, "आई, दूर्वा बिर्वा बस झालं. डॉक्टरला दिखवून टाकू." मी म्हटलं, पाऊस पडू दे, गारवा आला की थांबेल. नुसतं बघायचे पाचशे घेतात.

११ जून, मंगळवार

पाऊस पडून गेला. रक्त थांबलं नाही. आज नेलं.

डॉक्टर शिखा म्हणून आहेत, आमच्या स्वानंदीएवढ्याच. त्यांनी काचेची पट्टी भेरूच्या नाकापुढे धरली. उजवीकडे श्वासाचा ढग उमटला. डावीकडे काही नाही. काच कोरडी. परत धरली, कोरडी.

"आंटीजी, इधर से हवा ही नहीं जा रही. कब से है?"

म्हटलं, दो महीने.

"दो महीने में क्या दिया?"

दूर्वा सांगितल्या. ओला पंचा सांगितला. त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. इतकंच म्हणाल्या, "खून अपने आप रुकता है आंटी, अपने को लगता है हमने रोका."

१४ जून, शुक्रवार

माणसांच्या सेंटरवर डोक्याचा सीटी स्कॅन केला, दुपारी तिथे गर्दी नसते म्हणून. फॉर्मवर पेशंटचं नाव, वय, पित्याचं नाव. तिथला माणूस म्हणाला, "भिया, खाली नहीं छोड़ सकते, सिस्टम आगे नहीं जाता." यांनी पित्याच्या जागी स्वतःचं नाव घातलं. चेहरा अगदी सरळ. मी बाकड्यावर तोंड फिरवून बसले.

नाकाच्या डाव्या पोकळीत गाठ आहे. तुकडा तपासायला घेतला.

२४ जून, सोमवार

रिपोर्ट आला. कॅन्सर. नाकाच्या आतल्या अस्तराचा. लांब नाकाच्या कुत्र्यांना होतो म्हणे. लांब नाक, ज्याचं कौतुक केलं तेच.

शिखाजींनी कागदावर नाक काढून समजावलं. नुसतं ऑपरेशन करून उपयोग नाही, हाडांच्या फटीत मुळं राहतात आणि तिथूनच परत फुटतं. रेडिएशनचा शेक द्यायचा. तो इंदूरला कुत्र्यांना मिळत नाही, मुंबईजवळ एका दवाखान्यात आहे. काहीच केलं नाही तर तीन-चार महिने. शेक दिला तर वर्ष, दीड वर्ष, एखाद्याला जास्त.

मी विचारलं, और फिर ठीक हो जाएगा ना?

"ठीक शब्द मैं नहीं बोलूँगी आंटी. दब जाएगा. वापस आ सकता है. ज़्यादातर वापस आता है. इसीलिए बाद में नज़र रखनी पड़ती है. जितना जल्दी दिखे, उतना कुछ करने को बचता है."

जेवताना यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "करू. पण एकदाच. परत आला तर परत शेक नाही. त्या जिवाचे हाल करायचे नाहीत आपल्या हौसेपायी. कबूल?"

मी कबूल म्हटलं. माझ्या नावावरची एफडी उद्या मोडणार.

२५ जून, मंगळवार

अंगारकी. खजराण्याच्या गणपतीला गेले. तीन तास रांग.

देवळाच्या मागच्या भिंतीवर उलटं स्वस्तिक काढलं. इच्छा धरून उलटं काढायचं, पुरी झाली की येऊन सरळ. लग्नानंतर दोनदाच काढलं होतं, यांच्या टायफॉइडला आणि स्वानंदीच्या वेळी. दोन्ही वेळा सरळ करून आले. कुत्र्यासाठी काढावं की नाही, मन खायला लागलं. मग म्हटलं, दत्ताच्या पायाशी चार उभे आहेत, गणपतीला काय वावगं.

मनात म्हटलं – भेरू बरा होऊ दे. तोवर चहा सोडला. चाळीस वर्षांचा चहा आहे.

परत येताना लक्षात आलं, डॉक्टर जो शब्द बोलत नाहीत नेमका तोच मी देवाला बोलून आले.

१५ जुलै, सोमवार

पहिला शेक. दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत एक खोली मिळाली. शनिवार-रविवार सोडून रोज, एकूण सोळा. हलू नये म्हणून दर वेळी भूल. भूल उतरताना डोळे उघडे असतात पण ओळख नसते. आज ओळख यायला वीस मिनिटं लागली. मी रामरक्षा म्हणत होते. संपली, परत सुरू केली.

२६ जुलै, शुक्रवार

दहावा. तोंड आतून सोललंय. दही-भात गार करून, मिक्सरमधून काढून बोटानं भरवते. धर्मशाळेच्या बाईनं मिक्सर दिला. कुणासाठी ते तिला सांगितलं नाही.

दवाखान्यात बडोद्याचे मालोजीराव भेटले. पंचाहत्तरीचे, पांढऱ्या मिश्या, कडक इस्त्री. पणजोबा गायकवाडांच्या फौजेत होते हे पाचव्या मिनिटाला सांगून झालं. एकटे राहतात. कानानं बिल्कुल ऐकू येत नाही, खिशात वही-पेन्सिल असते, समोरच्यानं लिहायचं. त्यांची बिजली बारा वर्षांची, तिलाही हेच, नाकात. नुसते विचारायला आले होते. भूल सोसेल का, हाल होतील का, ठरत नव्हतं.

मी वहीत लिहिलं – भेरू आत्ता जेवेल, बघा.

भेरूनं खरंच चार बोटं भात खाल्ला. मालोजीराव बघत राहिले. मग म्हणाले, "ठरलं. हा खातोय तर आमचीही खाईल." बहिऱ्या माणसाचा आवाज, सगळी वेटिंग रूम वळून बघायला लागली. बिजलीचा नंबर सप्टेंबरात लागेल.

पत्ता दिलाय. "फोनचा मला काय उपयोग, ताई. कार्ड टाकत जा. तुम्ही पुढे, आम्ही तुमच्या मागे."

७ ऑगस्ट, बुधवार

घरी. सोळा झाले. नाकावरचे केस गेले, खालची कातडी गुलाबी. डाव्या डोळ्यात दिवसातून चारदा थेंब. दारात आला, सरळ देवघराच्या उंबऱ्याशी जाऊन नाक टेकवलं.

८ ऑगस्ट, गुरुवार

काचेची पट्टी घरी कुठून आणायची. स्टीलची छोटी ताटली घेतली, फ्रिजमध्ये ठेवली. गार ताटलीवर श्वास छान उमटतो. रोज सकाळी पूजेआधी धरायची.

उजवा ढग मोठा. डावा लहान, पण आहे.

३० ऑगस्ट, शुक्रवार

दोन्ही. जवळजवळ सारखे.

हे म्हणाले, "रोज सकाळी कुत्र्याला ताट वाढतेस आणि ताटात काही नाही. तो तुझ्याबद्दल काय म्हणत असेल."

३० सप्टेंबर, सोमवार

मालोजीरावांचं कार्ड. "सौ. वसुंधराताई यांस सा. न. वि. वि. बिजलीचे सोळाही शेक झाले. भूल सोसली. दही-भात आपण सांगितल्याप्रमाणे. आपल्या भेरूचे कळवीत जावे, तेच आमचे पंचांग."

मी ताटलीची युक्ती लिहून पाठवली. पन्नास पैशांचं कार्ड, कडेकडेनंही लिहिलं.

२१ ऑक्टोबर, सोमवार

परत सीटी. गाठ दिसत नाही. पित्याचं नाव यांनी न विचारता लिहिलं.

मी शिखाजींना म्हटलं, आता तरी तो शब्द म्हणा. त्या हसल्या, पण म्हणाल्या नाहीत. "अभी दिख नहीं रहा है, आंटी. नहीं है और नहीं दिख रहा है, दोनों अलग बातें हैं." पुढचा स्कॅन जानेवारीच्या शेवटी. मधे रक्त, शिंका, घोरणं, तोंड उघडं टाकून झोपणं, काहीही दिसलं की त्याच दिवशी यायचं.

म्हणजे सरळ स्वस्तिक कधी काढायचं? देवाला काय सांगू, दिसत नाही म्हणून?

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

भैरव अष्टमी. ओटल्यावर नारळ. भेरू दहाचा झाला असं आपण धरतो. नाकावर नवे केस आलेत, पांढरे. माळव्यातली म्हातारी माणसं भस्म लावतात तसा दिसतो.

दोन्ही ढग. वाटीभर खीर खाल्ली. एवढं सुख लिहून ठेवायची भीती वाटते.

१ डिसेंबर, रविवार

दोन्ही. मालोजीरावांना कार्ड टाकलं.

१७ डिसेंबर, मंगळवार

दोन्ही.

१८ डिसेंबर, बुधवार

दोन्ही. ताटली नीट गार नव्हती.

१९ डिसेंबर, गुरुवार

दोन्ही.

२४ डिसेंबर, मंगळवार

दोन्ही. गहू संपत आले. थंडी फार, सगळ्यांचीच नाकं चोंदलेली.

१ जानेवारी २०२५, बुधवार

खजराण्याला जाऊन सरळ स्वस्तिक काढून आले.

घरात कुणाला आधी सांगितलं नव्हतं. पहाटेच निघाले, तरी वर्षाचा पहिला दिवस म्हणून गर्दी. भिंतीवर शेकड्यांनी स्वस्तिकं, एकावर एक, माझं उलटं कुठलं ते कळायला मार्ग नाही. जिथे हात पोहोचला तिथे काढलं. चौथी रेघ काढताना मागून धक्का लागला, जरा वाकडी झाली. पुजारी म्हणाले, "हो गई मनोकामना, माताजी?" मी मान हलवली.

स्वानंदीनं आल्या आल्या चहा टाकला. आलं घालून, माझ्या कपात. "आई, आता तरी घे. व्रत सुटलं ना?"

मी म्हटलं, सवय गेली. नको वाटतो.

यांनी पेपर खाली केला, माझ्याकडे बघितलं, परत वर केला.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. दोन्ही. तिळाची वडी भेरूला चिमूटभर. मालोजीरावांना कार्ड – तिळगूळ घ्या, भेरूचे दोन्ही ढग आहेत, काळजी नसावी.

२७ जानेवारी, सोमवार

दोन्ही.

स्वानंदी विचारत होती, स्कॅनची तारीख घेतली का. म्हटलं, थंडी ओसरू दे. परत भूल, परत ते अनोळखी डोळे. आता कुठे अंग धरलंय. शिवाय सात हजार.

"आई, तो घोरतोय रात्रभर."

म्हटलं, तुझे बाबाही घोरतात.

३ फेब्रुवारी, सोमवार

दोन्ही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दोन्ही. आरतीला उंबऱ्यावर नाक ठेवलं, पण तोंड उघडं होतं. हल्ली तसाच बसतो.

१९ फेब्रुवारी, बुधवार

मालोजीरावांचं कार्ड आलं. जसंच्या तसं उतरवून ठेवते.

"सौ. वसुंधराताई यांस सा. न. वि. वि. तिळगूळ पोहोचला. दोन्ही ढग हे दोन शब्द वाचले की आमचा महिना निघतो. बिजलीचा स्कॅन या महिन्यात ठरला होता. भूल तिला आता सोसेलसे वाटत नाही. इथले डॉक्टर मागे लागले, मी त्यांना आपली कार्डे दाखविली. म्हटले, इंदूरचा भेरू आमच्या दोन महिने पुढे आहे, तो स्वच्छ आहे तर आम्हास घाई काय. स्कॅन रद्द केला. उन्हाळ्यानंतर पाहू. आमची ताटली हल्ली काही दाखवीत नाही, बहुधा माझीच नजर कमी झाली. बिजली थोडी घोरते, असे शेजारचे सांगतात, मला कुठले ऐकू यायला. वय झाले. आपला आधार मोठा आहे."

तीनदा वाचलं. पूजा राहिली आज.

२० फेब्रुवारी, गुरुवार

अठरा डिसेंबरला ताटली गारच होती.

त्या दिवसापासून डावा ढग नाही. घरखर्चात कधी चार आण्यांची फिरवाफिरव केली नाही मी, आणि मागच्या दोन महिन्यांत या वहीत जेवढ्या वेळा 'दोन्ही' लिहिलंय ते सगळं खोटं आहे. परत शेक नाही, हे मी कबूल केलं होतं, म्हणून आजार परत आलेला नको होता. वाटलं सरळ स्वस्तिक काढून आले की देवाला नाही म्हणता येणार नाही. आधी दोन महिने दूर्वा घातल्या, आता दोन महिने हे.

सकाळी यांना सांगितलं. चष्मा पुसत बसले. म्हणाले, "चहा घेतला नाहीस तेव्हाच कळलं मला. मीही बोललो नाही. आज दुपारी शिखाजींकडे नेऊ, काय करायचं ते त्या सांगतील. तू पत्र आधी टाक."

कार्ड नाही, स्पीड पोस्ट. लिहिलं ते असं –

"आदरणीय मालोजीराव यांस सा. न. वि. वि. माझी तिळगुळाची ओळ खोटी होती. भेरूचा डावा ढग डिसेंबरातच गेला. पाहिला आणि लपवला, आपल्यापासून आणि माझ्यापासूनही. आपली नजर चांगली आहे, ताटली खरं बोलते आहे. माझी कार्डे फाडून टाका आणि बिजलीला आजच्या आज दाखवा, उन्हाळ्याची वाट पाहू नका. क्षमा मागत नाही, आधी तिचं कळू दे. ताटलीवर किती ढग आहेत आणि डॉक्टर काय म्हणाले ते उलट टपाली कळवावे."